दोन डगरी

हानुस निवृत्त झाला तेव्हा
त्यानं मला किल्ल्यांचा जुडगा दिला,
एक लोकरी टोपी, आणि एक वाक्य:
"उपटून पाहिल्याशिवाय
कुठल्याच वायरीवर विसंबू नकोस."

टोपी मी रोज घातली.
वाक्य खुंटीला राहिलं.

त्वोरॉयरीच्या इस्पितळात, तळघरात
दोन सर्व्हर आहेत.
त्यांच्या पोटात एकोणीस यंत्रं, नसलेली,
आपण आहोत अशा समजुतीत नांदणारी.
एक रक्ताचे अहवाल सांभाळतं,
एक हाडांची चित्रं,
एक नुसतं एवढंच, की कोणाला मीठ वर्ज्य.
प्रत्येकाला वाटतं, आपली वायर आपल्यापुरती.
खरं तर सर्व्हरमागे दोनच,
एकीला दुसरी बांधलेली,
जगाला एकच नाव सांगणारी जोडी.

सुन्नेवा, रात्रपाळीची नर्स, विचारायची,
दोन वायरी म्हणजे दुप्पट वेग ना?
मग माझा एक एक्स-रे यायला तेवढाच वेळ कसा?
मी सांगायचो,
एक बोलणं एकाच वायरीनं जातं.
मधे चिरून दोन्हीकडून धाडलं
तर शेवट आधी पोचेल, सुरुवात मागून.
वाढते ती जागा. तू बोलत असताना
आणखी कोणाला बोलता येतं, एवढंच.
ती म्हणायची, एवढंच?
माझ्या लग्नापेक्षा बरं आहे.

फेब्रुवारीत वारं सुटलं.
(या बेटावर असं म्हणणं म्हणजे
समुद्र ओला होता म्हणण्यासारखं.)
तीन दिवस फेरी नाही. मेंढ्या दगडी कुंपणाला चिकटून.
चौथ्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन.
"पडदे कोरे झालेत."
"सगळे?"
"सगळे."

गाडी रस्त्यावर तिरकी चालत होती
आणि मी निवांत होतो.
एक वायर गेली की दुसरी उचलते,
क्षणाची उचकी, मग पुन्हा सुरळीत,
आतल्यांना पत्ताही लागत नाही.
त्यासाठीच तर जोडी.

तळघरात सर्व्हर ठणठणीत, पंखे गरगरत,
फक्त मागचे चारही दिवे काळे.
मी वायरींवरून बोट फिरवत निघालो,
निळी, मग करडी,
कपाटामागून, पाइपावरून,
सहा वर्षांची धूळ बोटाला,
आणि चौघीही जाऊन टेकल्या
एकाच स्विचला,
शेजारशेजारच्या भोकांत. नऊ, दहा, अकरा, बारा.
स्विच मेलेला. जळक्या रबराचा वास.
वरच्या फळीवर दुसरा,
पार्किंगचा एक कॅमेरा सांभाळत
रिकामटेकडा डोळे मिचकावत बसलेला.

दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात.
मी ठेवलेच नव्हते.
दोन्ही एकाच दगडावर ठेवून
तोंडानं दोन मोजत होतो,
दर तिमाहीच्या अहवालात:
जोडणी दुहेरी, स्थिती उत्तम.

चौघी उपटल्या, वर खोचल्या.
एक हिरवा. मग बाकीचे.
वर गेलो तर सुन्नेवानं केव्हाच
कागद काढले होते, शिसपेन्सिल कानामागे,
सात खाटांच्या नाड्या ओळीनं लिहिलेल्या.
तिला कोणी अहवाल मागितला नव्हता.

फेरी सुरू झाली, नवा स्विच आला.
हानुसला फोन केला.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, त्या मीच लावल्या होत्या.
त्या वर्षी खांदा वर जात नव्हता.
वरची फळी... म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू.
आणि म्हणून तर तुला ते वाक्य दिलं.

आता निळ्या दोन खाली, करड्या दोन वर.
भर दुपारी, सगळे कामात असताना
मी एक निळी धरली आणि उपटली.
हातात घेऊन उभा राहिलो,
शेपटीला धरलेल्या उंदरासारखी.

जिन्यावरून सुन्नेवा: "काय चाललंय खाली?"
"तुझ्याकडे काही झालं?"
"नाही. काय व्हायला हवं होतं?"